पाहुणे कुठले?

वाशीमला खोली भाड्यानं घ्यायला गेलं तर कुणी तुम्हाला तोंडावर जात विचारत नाही. तेवढा भिडस्तपणा आमच्या भागात आहे. आधी चहा येतो. मग आडनाव विचारतात. आडनाव गावावरून पडलेलं निघालं आणि त्यातून काही उमगेना, की पुढचा प्रश्न ठरलेला, "पाहुणे कुठले तुमचे?" म्हणजे सोयरे कोणत्या गावचे. आपण मालेगाव तालुक्यातलं एखादं गाव सांगावं. लगेच, "हाव का? थ्या गावात आमचा साडू राह्यते. कोणाकडे पाहुणे तुमचे, पाटलाईकडे?" असं करत करत समोरचा माणूस आपल्या घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचतो. ती भिंत गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे एकदा त्याला कळलं, की खोलीत अचानक पुढच्या महिन्यात त्याच्या पुतण्याचा संसार मांडायचा असतो.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे नोकरदार आले, आणि हा पाहुण्यांचा प्रश्न गावोगावच्या ओट्यांवरून शहरात राहायला आला. मी त्याच सुमारास शिक्षिका म्हणून लागले. माझं आडनाव 'कर'वालं, त्यात काहीच दिसत नाही. रंगानं मी काळी, पण तुरीच्या शेतात उभं राहिलेलं अख्खं वऱ्हाडच काळं. रंगावरून इथं कुणाला कुणाचं काही ओळखता येत नाही. म्हणून तर पाहुणे विचारावे लागतात. मी सांगायची, "मावशी रिसोडला असते." मावशी खरंच रिसोडला असते. त्यात खोटं अक्षरसुद्धा नव्हतं. आणि ज्यासाठी विचारलं होतं तेवढंच तेवढं मी सांगितलेलं नसायचं.

दर रविवारी विहारात आम्ही पंचशील घेतो. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं आहे. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ते आहेच. तेव्हा 'मावशी रिसोडला असते' या वाक्यानं चौथं शील मोडतं की नाही, हा माझा प्रश्न. तो पुस्तकी वाटेल, पण ज्यानं वाशीम, अकोला, पुणे, कुठंही खोली शोधली आहे त्याला तो वाटणार नाही.

वर्षावासात आमच्याकडे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. आषाढी पौर्णिमेला सुरू होतं, अश्विन पौर्णिमेला संपतं. पाऊस धरून बसलेला असतो, सोयाबीनच्या फवारणीवरून बायका थेट विहारात येतात, मागची निम्मी रांग पेंगत असते. एका अशा संध्याकाळी मी हा प्रश्न मांडला. पुढे बसलेले एक आजोबा, ज्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, ते ताडकन म्हणाले, "पाप हाय. बाबासायबानं मान वर कराले शिकवलं, अन् तू पाहुणे सांगत बसली." पाप हा शब्द बौद्धानं वापरावा का, हा वेगळा वाद, तो कुणी काढला नाही. मागून एक मावशी म्हणाल्या, "तिनं रातच्याले झोपावं कुठं, ते सांगा आधी. विचारणाऱ्याचं पाप कोन मोजून राह्यलं?" आणि मग जे व्हायचं तेच झालं, ग्रंथ मिटला आणि सगळे बोलत सुटले.

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त म्हणून एक सुत्त आहे. तथागत कोणती वाचा बोलतात आणि कोणती बोलत नाहीत याची तिथं फोड करून सांगितली आहे. जे खोटं आहे ते ऐकणाऱ्याला कितीही गोड लागो, ते बोलत नाहीत. जे खरं आहे पण ज्यानं कुणाचं भलं होत नाही, तेही बोलत नाहीत. आणि जे खरं आहे, हिताचं आहे, पण ऐकणाऱ्याला टोचणारं आहे, ते बोलायची वेळ ते जाणतात. त्या राजपुत्राच्या मांडीवर तेव्हा एक तान्हं मूल होतं. बुद्ध त्याला विचारतात, या मुलानं तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? राजपुत्र म्हणतो, बोट वाकडं करून काढीन, रक्त निघालं तरी काढीन.

मला हे सुत्त वाचून सुटल्यासारखं झालं, आणि लगेच अडकल्यासारखंही. सुटले ती घरमालकापुढे. त्याला माझ्याविषयीचं सत्य नको असतं, त्याला मला कुठल्या कप्प्यात टाकायचं तेवढं हवं असतं. मी सांगितल्यानं त्याचं भलं होत नाही, माझं तर नाहीच. तिथं न बोलण्यात शील मोडत नाही, असं माझं मत झालं. 'मी अमुक आहे' असं धादांत खोटं सांगितलं तर मोडतं. पाहुण्यांच्या पत्त्यावर थांबलं तर नाही. आजोबांना हे पटलेलं नाही. ते अजूनही माझ्याकडे बघून मान हलवतात.

अडकले ती माझ्या वहीपुढे. मी कथा लिहिते. तिथं मला कुणी पाहुणे विचारत नाही. तिथं मीच होऊन बोलायला बसलेली असते आणि वाचकाच्या तोंडातला खडा तर तिथंच निघायचा असतो. मग माझ्या कथेतली बाई विहिरीवर का थांबली, तिची घागर कुणी का भरून दिली नाही, हे सगळं सांगून ती कोण ते सांगायचं नाही, याला काय म्हणायचं?

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातल्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवून खोली मिळवतो आणि कळल्यावर मार खातो. अमेरिकेत नेला लार्सन या कृष्णवर्णीय लेखिकेनं १९२९ साली एका बाईवर कादंबरी लिहिली. ती इतकी उजळ की गोरी म्हणून खपून जाते, आणि काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्या नवऱ्याबरोबर संसार करते. तिथं कातडी बोलते, इथं आडनाव. आडनावाचा सगळ्यात नेमका हिशेब मात्र नागपूरच्या कुमुद पावडे यांनी मांडला. संस्कृतात एम. ए. होऊनही माहेरच्या सोमकुवर या नावावर त्यांना नोकरी मिळेना. सवर्ण नवऱ्याचं पावडे हे आडनाव लागलं आणि प्राध्यापकी मिळाली. 'अंतःस्फोट' १९८१ साली आलं, त्यात त्यांनी हे जसंच्या तसं लिहिलं आहे. शिकवणारी बाई तीच, संस्कृत तेच. आपल्या यशातला किती वाटा आपला आणि किती आडनावाचा, हे इतक्या कोरडेपणानं लिहून टाकणारी दुसरी माणसं मला फारशी माहीत नाहीत. स्वतःवर भरवसा असल्याशिवाय असं लिहवत नाही. पण तो भरवसा कशावरचा, हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं.

भाचीच्या जात वैधतेच्या वेळी त्याचा एक पदर हाती लागला. भाऊ पुण्याला असतो, त्याला सुट्टी नव्हती, म्हणून इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली किंवा कोतवाल बुकातली नोंद. माझे आजोबा शाळेत गेले होते, दोनच वर्षं का होईना. त्यामुळे भाचीला घेऊन रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले.

मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानं भाजलेल्या पापडासारखी, उलटताना सरांनी श्वास धरला होता. एका पानावर आजोबा सापडले. नाव, बापाचं नाव, अंदाजे लिहिलेली जन्मतारीख, आणि चौथ्या रकान्यात 'महार'. ज्या मास्तरनं लिहिलं होतं त्याचं अक्षर फार सुरेख होतं, ह चं पोट गोल, र ला छान शेपटी. त्या मुलाला मास्तरनं वर्गात कुठं बसवलं असेल ते रजिस्टरात नव्हतं. शेजारी बसलेले शिक्षक खुर्ची सरकवून बघायला आले आणि म्हणाले, "नशीबवान हाय पोरगी. लय जनाईची नोंदच सापडत नाही." सगळ्यांना आनंद झाला. मला तर सर्वांत जास्त झाला. भाचीनं मोबाइलवर फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि हळूच विचारलं, "आत्या, आपण बौद्ध आहो नं? मग हे लिहून देणं खोटं नाही का?"

आता माझ्या या आजोबांचं सांगायला हवं. छप्पनच्या ऑक्टोबरात ते नागपूरला जाऊन आले आणि आल्यावर देव्हाऱ्यातले देव त्यांनी पैनगंगेत सोडले. तो रजिस्टरातला शब्द त्यांनी पुढे कधी तोंडातून काढला नाही. घरात कुणाच्या बोलण्यात आला तर म्हणायचे, "थे मेलं." एका माणसानं सबंध आयुष्य जो शब्द पुसण्यात घालवला, त्याच शब्दाच्या खऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायला त्याची नात आणि पणती ओळीनं उभ्या. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ मिळू लागला तो १९९० साली कायदा बदलल्यावर. चौतीस वर्षं देशाच्या कायद्याचं म्हणणं असं की देव सोडलात म्हणजे मारही संपला. मार संपला नव्हता हे गावाला ठाऊक होतं.

भाचीला मी परतीच्या एस.टी.त जे सांगितलं ते साधारण असं. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. दोन ब्राह्मण तरुण वाद घालत येतात, माणूस ब्राह्मण होतो तो जन्मानं की कर्मानं. बुद्ध त्यांना गवत, झाडं, किडे, मुंग्या, साप, मासे, पाखरं असं एकेक दाखवत नेतात. या सगळ्यांच्या अंगावर त्यांच्या जातीची खूण जन्मतः असते. माणसाच्या केसांत, डोळ्यांत, ओठांत, रंगात, आवाजात कुठंच अशी खूण नाही. माणसांतले भेद बोलण्यापुरते, नावापुरते. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांच्या मुळावरच्या पुस्तकात नाकाची मापं घेऊन हेच केलं. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद निघत नाही, हे त्यांनी वंश मानणाऱ्यांच्याच मोजपट्टीनं दाखवलं. तेव्हा बाई, ते रजिस्टर तू कोण आहेस ते सांगत नाही. तुझ्या पणजोबाशी गाव कसं वागलं, ते सांगतं. ती नोंद खरी आहे आणि तिची नक्कल देणं हेही खरं बोलणंच आहे.

"मग ते आपलं नाव नाही," भाची म्हणाली. मी नाही म्हणाले. "पण त्या नावानं हाक आली की ओ द्यायची." यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. रिसोड आलं, उतरलो.

उत्तर मिळालं ते मिलिंदप्रश्नात. नागसेन आणि मिलिंद राजा यांच्या संवादातला रथाचा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो. चाक म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही, वगैरे. मला त्याच्या आधीची देवाणघेवाण जास्त मोलाची वाटते. राजा नाव विचारतो. भिक्खू सांगतो, मला नागसेन म्हणून ओळखतात, माझे सोबती मला या नावानं हाक मारतात, पण हे निव्वळ संबोधन आहे, या नावामागे कुणी पुद्गल, म्हणजे व्यक्ती, सापडत नाही. म्हणजे त्यानं नाव सांगितलं. अनात्मवादी होता म्हणून 'मला नाव नाही' असं तो म्हणाला नाही. ओ दिली, आणि ओ देताना नावाची किंमतही सांगितली. परमार्थानं मी कुणीच नाही, हे म्हणायचा अधिकार त्याला मिळतो तो व्यवहारातलं नाव आधी सांगितल्यामुळे. ज्या नागार्जुनाला परंपरा आमच्या विदर्भातला मानते, त्यानंही व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही असंच म्हटलं आहे. आमच्याकडे उलट चालतं. 'मी जातपात मानत नाही' हे पहिलं वाक्य असतं आणि पाहुणे कुठले ते दुसरं.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या कॉलेजाला पुढे मिलिंद हे नाव आलं. नावामागे कुणी नाही असं ज्या राजाला ऐकवलं गेलं, त्याच्या नावाच्या कॉलेजातून 'अस्मिता' नावाचं नियतकालिक निघालं. तेच पुढे गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' झालं आणि त्यातून दलित साहित्याची पिढी उभी राहिली. एकीकडे अनात्म, दुसरीकडे अस्मिता, हे कसं? असं मला एका व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी खोचकपणे विचारलं होतं. मला त्यात गाठ दिसत नाही. जिला आपण आतून कायमचे अमुकच आहोत असं वाटतं, तिला ते मांडायची भीती वाटणार. कारण कुणी त्यावर थुंकलं तर थेट तिच्यावरच थुंकल्यासारखं. जिला हे माहीत आहे की हे नाव जमवलेलं आहे, लादलेलं आहे, मोडेलही, तिचा हात लिहिताना थरथरत नाही. कुमुदताईंचा भरवसा मला तसला वाटतो. सोमकुवरवर नाही, पावडेवर तर नाहीच. काय घडलं हे आपण नीट पाहिलं आहे, एवढ्यावरच.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो, 'साहित्यात जात कशाला आणता?' आणणारे आम्ही पहिले नाही. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत तो गाव सांगतो, वेदाची शाखा सांगतो, गोत्र सांगतो, कुळाचं नाव, आजा, बाप, आई, सगळं सांगतो आणि मग नाटक सुरू करतो. जवळजवळ तेराशे वर्षांत त्याला कुणी म्हटलं नाही की बाबा, तू नाटकात जात आणलीस. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म; राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच गावात लावलं आहे. गांधर्व पद्धतीनं, म्हणजे पाहुणे कुठले हे न विचारता. खुद्द राजशेखराची बायको अवंतिसुंदरी चौहान कुळातली, आणि अलंकारशास्त्रातली तिची मतं तो तिच्या नावानिशी देतो. (त्या लग्नाचं आमच्या शहरात कुठंही लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही, बसस्टँडवर भिंती रिकाम्या आहेत.) अजिंठ्याचं सोळावं लेणं वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं. तिथल्या लेखात वाकाटकांच्या पिढ्या कोरल्या आहेत. छिन्नी कुणी धरली, ते नाही.

आणि सोयराबाई. चोखोबांचं मेहुणा राजा इथून लांब नाही, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. त्यांची ही बायको अभंगाच्या शेवटी जी मुद्रा घालते तिच्यात स्वतःचं नाव नसतं. नवऱ्याचं नाव असतं आणि जात असते, चोख्याची महारी. माझ्या विहारातल्या बायकांना ही मुद्रा आवडत नाही. त्यांना ती ओशाळवाणी वाटते, आणि नवऱ्याच्या नावाबद्दल त्यांचं म्हणणं मला मान्यही आहे. पण मी तिच्याकडे वेगळं बघते. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण, असं विचारणारी ही बाई आहे. ज्या बाईला विटाळच मान्य नाही ती विटाळाचं नाव सहीसारखं वापरते. तिनं मुद्रा बदलली असती तर प्रश्न कुणीही विचारल्यासारखा झाला असता. वेदान्त्यानंही विचारला असता. वेदान्ती असले प्रश्न विचारतात आणि जेवायला वेगळी पंगत मांडतात.

म्हणून माझ्या अलीकडच्या कथांत माणसांना आडनावं आहेत, घरांना दिशा आहे. वस्ती पूर्वेला असेल तर पूर्वेला लिहिते. 'महारवाडा' हा शब्दही लिहिते, जिथं पात्र १९४० सालात बोलत असेल तिथं. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्याकडे निळ्या पाटीवर भीमनगर आहे, आणि ते योग्यच झालं. टपाल तिथं भीमनगरच्या पत्त्यावर यावं, शाळेतल्या पोरानं तोच पत्ता लिहावा. पण पाटी बदलल्यावर गावातल्या म्हाताऱ्यांचं बोट अजून त्याच दिशेला त्याच तऱ्हेनं वळतं, आणि कथाकाराला पाटी आणि बोट दोन्ही लिहायचं असतं.

भाचीला हे मान्य नाही. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि तीही लिहायला लागली आहे. तिच्या कथेत कुणालाच आडनाव नाही. मी म्हटलं, हे तर मावशी रिसोडला असते झालं. ती चिडली. "तू लपवत होतीस, आत्या. मी नाकारते आहे. माझ्या कथेतल्या पोरीला तिच्या होस्टेलवर कुणी पाहुणे विचारले की ती उलट विचारते, तुमचे कुठले?" मी म्हटलं, मग तो विचारणारा काय उत्तर देतो, तेही लिही. ते तिनं लिहिलेलं नव्हतं. तिच्या मते त्याची गरज नाही, प्रश्न परतवला एवढं पुरे. माझ्या मते कथा तिथूनच सुरू होते. कारण तो न अडखळता सांगेल, गाव, घराणं, पाटीलकी, सगळं, अगदी भवभूतीसारखं. रविवारी विहारात ती कथा वाचणार आहे. विहारातल्या त्या आजोबांना पुढच्या रांगेत बसवायचं ठरलं आहे, त्यांना कमी ऐकू येतं.